बाससाठी स्टील की निकेल? पहिल्यांदाच तारा बदलणाऱ्यांसाठी

मी रत्नागिरीचा. ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो, गणपती, लग्नं, कधीमधी हॉटेलात. पहिला बास सेकंडहँड घेतला होता आणि त्यावरच्या तारा कधी लावल्यात हे विकणाऱ्यालासुद्धा आठवत नव्हतं. दोन वर्षं मी त्याच वाजवल्या. मग एका मित्राने सांगितलं, स्टील लाव, आवाज उघडेल. लावल्या आणि खरंच, पियानोसारखा खणखणीत आवाज यायला लागला. पुढचा महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होतो की निकेल म्हणजे भंगार, स्टीलच घ्या. सहा महिन्यांनी एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या बासवर नव्याकोऱ्या निकेल वाजवल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तोही बास जवळजवळ तितकाच खणखणत होता. म्हणजे मी स्टील आणि निकेलची तुलना केलीच नव्हती. मी मेलेल्या तारांची आणि नव्या तारांची तुलना केली होती.

बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने करा. माझे दोन सेट वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

१. आधी पाकिटावर काय लिहिलंय ते समजून घ्या

दुकानात "निकेल" म्हणून जे मिळतं ते नव्वद टक्के वेळा निकेलचा मुलामा दिलेलं स्टील असतं. आत स्टीलची सरळ कोअर, तिच्यावर गुंडाळलेली तार पण स्टीलचीच, फक्त त्या तारेवर निकेलचा पातळ थर. "स्टेनलेस"मध्ये कोअर तशीच, पण वरची गुंडाळलेली तार स्टेनलेस स्टीलची, मुलामा नाही. म्हणजे दोन्हीकडे स्टीलच आहे, भांडण फक्त वरच्या तारेचं आहे.

तिसरा प्रकार "प्युअर निकेल". तो वेगळा, मऊ आणि जुन्या वळणाच्या आवाजाचा. नवीन माणसाने चुकून मागवला तर वाटतं की नव्या तारा आल्या त्याच जुन्या होऊन आल्या. पाकीट नीट वाचा.

एक गंमत सांगतो. घरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्याला चुंबक लावून बघा, बऱ्याच डब्यांना चिकटत नाही. तारांना वापरतात ते स्टेनलेस मात्र चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं असतं, कारण बासचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, त्या चुंबकाच्या क्षेत्रात लोखंडाच्या जातीचं काहीतरी हललं तरच त्याला ऐकू येणार.

आता सगळ्यात मोठा घोळ. राउंडवाउंड आणि फ्लॅटवाउंड. राउंडवाउंडमध्ये वरची तार गोल असते, बोट फिरवलं की खरखर लागते. फ्लॅटवाउंडमध्ये ती चपटी पट्टी असते, बोट काचेवरून फिरल्यासारखं. आणि फ्लॅटवाउंड बऱ्याचदा स्टेनलेसचेच असतात! ला बेला कंपनीचे फ्लॅट घ्या किंवा डॅडारिओ कंपनीचे क्रोम्स घ्या, वरची पट्टी स्टेनलेसचीच आहे आणि आवाज मात्र एकदम गोल, दबका, जुन्या रेकॉर्डसारखा. तेव्हा "स्टेनलेस म्हणजे ब्राइट" हे फक्त राउंडवाउंडपुरतं खरं. धातूपेक्षा गुंडाळणीचा आकार आवाजात जास्त फरक पाडतो. या लेखात इथून पुढे मी राउंडवाउंडबद्दलच बोलतोय, आणि नुसतं "स्टील" म्हटलं की स्टेनलेस समजा.

२. आवाजात नक्की फरक काय

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ साली आला आणि त्यानंतर बरीच वर्षं बासवर फ्लॅटच असायचे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमरसन फ्लॅट वाजवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात. मग १९६६ च्या सुमारास द हू या इंग्लिश रॉक बँडचा बासवाला जॉन एन्टविसल, ज्याला बास गिटारसारखा पुढे ऐकू यायला हवा होता, तो इंग्लंडातल्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसला आणि त्यातून स्विंग बास ६६ हा स्टेनलेस राउंडवाउंड सेट निघाला. रॉकमधला तो करकरीत बास आपण ऐकतो त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

स्टीलमध्ये वरचा (तीक्ष्ण) आवाज जास्त. पिकने (बोटाऐवजी प्लास्टिकच्या चकतीने) वाजवलं की धार येते, स्लॅप केला (अंगठ्याने तार आपटली) की "टक्क" स्पष्ट ऐकू येतो, फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्टीला) तार लागल्याचा खणका पण येतो. हा खणका रॉकमध्ये मजा देतो आणि संथ भावगीताच्या मागे अगदी नको होतो. तुमची बोटं सरकल्याचा आवाजही जास्त येतो, म्हणजे हात कच्चा असेल तर स्टील तो लपवत नाही, उलट सगळ्यांना सांगतं.

निकेलमध्ये वरचं थोडं कमी, मधला भाग भरलेला. कीबोर्ड, दोन गायक, ढोलकी, ऑक्टोपॅड असं सगळं एकत्र वाजत असताना निकेल आपोआप आपल्या जागेवर बसतं, साउंडवाल्या दादाला फार हात लावावा लागत नाही.

लोक म्हणतात, स्टील घे आणि टोन नॉब कमी कर, निकेल मिळेल. अर्धं खरं आहे. असलेला ब्राइटनेस नॉबने कमी करता येतो, नसलेला वाढवता येत नाही, इतपत मान्य. पण बोटाखाली तार कशी लागते ते कुठल्या नॉबने बदलणार? स्टील खरखरीत लागतं, निकेल गुळगुळीत. तीन तासांचा प्रोग्राम वाजवल्यावर हा फरक बोटांना कळतो. माझ्या मते निर्णय इथे होतो, आवाजावर नंतर.

३. स्वतःला हे चार प्रश्न विचारा

घाम किती येतो? काही जणांच्या घामाने तार आठवड्यात मरते, काहींची सहा महिने चालते, ज्याचं त्याचं अंग. तासभर वाजवल्यावर बोटांची टोकं काळी होत असतील, घड्याळाची मागची बाजू लवकर खराब होत असेल तर तुम्ही पहिल्या गटातले. निकेलचा मुलामा झिजला की खालचं साधं स्टील उघडं पडतं आणि ते गंजतं. स्टेनलेस जास्त टिकाव धरतं. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर केसमध्ये ठेवलेला बास पण ओलसर लागतो, त्यामुळे इथे हा प्रश्न पहिला. पुण्यात राहणारा माझा मित्र निकेलचा एकच सेट वर्ष-वर्ष चालवतो, त्याचं ऐकून मी तसं करायला गेलो आणि श्रावणात तारांवर तांबूस ठिपके.

निकेलची ॲलर्जी आहे का? खोटे कानातले घातले की कान चिघळतात, जीन्सच्या बटणाने पोटावर खाज येते, अशा माणसांना बऱ्याचदा निकेलचीच ॲलर्जी असते. बोटांच्या टोकांना पुरळ येत असेल तर "सवय होईल" म्हणून वाजवत बसू नका, डॉक्टरला दाखवा आणि स्टेनलेसकडे जा. तारांच्या स्टेनलेसमध्ये निकेल अगदी नगण्य असतं.

बास फ्रेटलेस (फ्रेट नसलेला) आहे का? राउंडवाउंड तारा लाकूड खातात, आणि स्टील जास्त खातं. जाको पास्टोरियस हा नामांकित बासवाला फ्रेटलेसवर रोटोसाउंडचे राउंडवाउंड वाजवायचा खरा, पण त्याने फिंगरबोर्डवर बोटीला लावतात तसला इपॉक्सी थापला होता. तुम्ही तसं काही केलं नसेल तर निकेल, आणि त्याहून बरं फ्लॅट.

फ्रेटचं काय? नेहमीचे फ्रेट निकेल-सिल्व्हर नावाच्या धातूचे असतात (त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल) आणि स्टेनलेस त्याच्यापेक्षा कडक. त्यामुळे स्टीलने फ्रेट थोडे लवकर झिजतात. पण "स्टील लावलं की सहा महिन्यांत फ्रेट गेले" ही नुसती हवा आहे, याला वर्षं लागतात, आणि तार दाबून वाजवायची सवय धातूपेक्षा जास्त नुकसान करते. जुना, मौल्यवान बास असेल तर विचार करा, नाहीतर सोडून द्या.

४. गेज (तारेची जाडी) आणि लांबी जुळवून मगच मागवा

धातू बदलताना गेज बदलू नका. परत सांगतो, धातू बदलताना गेज बदलू नका. मी पहिल्यांदा ४५-१०० काढून ५०-१०५ स्टील लावल्या, बोटं दुखायला लागली आणि मी दोष दिला स्टीलला, वास्तविक दुखत होतं जाडीमुळे.

४ तारांच्या बासवर नेहमी दिसणारे सेट साधारण असे: ४५-६५-८०-१०० हलका, ४५-६५-८५-१०५ मधला, ५०-७०-८५-१०५ जड. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. एकाच कंपनीचे एकाच गेजचे दोन सेट घेतलेत तर तुलना खरी होते. उदाहरणार्थ डॅडारिओचा ईएक्सएल १७० निकेलचा आहे आणि ईपीएस १७० स्टेनलेसचा, दोन्ही ४५-६५-८०-१००. मी असेच घेतले होते, तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

लांबी पण बघा. बहुतेक बास ३४ इंची, त्याला लाँग स्केल सेट. ३० इंची छोट्या बासला शॉर्ट स्केल. तारा बॉडीच्या मागून घालायच्या असतील तर आणखी लांब लागतात, त्यासाठी सुपर लाँग बघा. ५ तारांचा बास असेल तर ५ चा सेट, हे सांगायला लागू नये पण आमच्या ग्रुपमध्ये एकाने ४ चा सेट आणला आणि वर विचारलं की बी (पाचवी, सगळ्यात जाड तार) कुठेय.

कोटेड सेटबद्दल: एलिक्सिर वगैरे तारांवर पातळ आवरण असतं, घाम आत शिरत नाही. साध्या सेटला दोन-तीन हजार जातात तर हे बरेच महाग. ज्यांचा घाम तार खातो त्यांना महिन्यांचा हिशोब केला तर परवडतात. मला त्यांचा निसटता स्पर्श आवडत नाही, हा माझा प्रॉब्लेम.

५. विकत घेताना

मुंबईत असाल तर धोबीतलावच्या बाजूला फेरी मारा, फुर्टाडोज हे १८६५ पासूनच्या कंपनीचं वाद्यांचं दुकान तिथे आहे, गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. दुकानात जाण्याचा फायदा म्हणजे भिंतीवरच्या बासांवर हात फिरवून खरखर आणि गुळगुळीत यातला फरक फुकटात कळतो. फक्त त्या तारा शेकडो हातांनी मारलेल्या असतात, आवाजावरून काही ठरवू नका.

आम्ही लांबचे लोक ऑनलाइन मागवतो आणि तिथे नकली माल ही खरी भानगड. मी एकदा अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" सेट घेतला, ई तार (चारमधली सगळ्यात जाड) लावल्यापासून धप्प, हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढायचा घंटीसारखा स्वर) वाजेचना, आणि पाकिटावरची छपाई जरा धुरकट. अर्ध्या किमतीत कोणी खरा सेट देत नाही हे तेव्हा शिकलो. डॅडारिओच्या पाकिटात एक कोड असतो तो त्यांच्या साइटवर टाकून खरं-खोटं बघता येतं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

६. सामान जमवा

- ट्यूनर, मोबाइलवरचा पण चालेल, पण खालच्या ई ला (४१ हर्ट्झच्या आसपास) मोबाइलचा माइक गडबडतो, क्लिपवाला बरा
- कटिंग प्लायर, चांगल्या धारेचा
- ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या, तिचा बाक जुळवायच्या दांड्याची) ॲलन की, बासबरोबर आलेलीच, दुसरी ढिली बसली तर रॉडचा नट कायमचा खराब
- सॅडलसाठी (बॉडीवरच्या ब्रिजवर तारा टेकतात त्या तुकड्यांसाठी) छोटा स्क्रू ड्रायव्हर किंवा बारीक ॲलन की
- जुनं बनियन किंवा कॉटनचा फडका
- एक व्हिजिटिंग कार्ड, का ते पुढे येतंय
- मोबाइल रेकॉर्डर

७. जुन्या तारा काढायच्या आधी रेकॉर्ड करा

हे कोणी करत नाही आणि मग नुसत्या आठवणीवर वाद घालतात. ॲम्पचे सगळे नॉब मधोमध, बासचा टोन पूर्ण उघडा, मोबाइल एका ठिकाणी ठेवा आणि ती जागा लक्षात ठेवा. चारही तारा मोकळ्या वाजवा, १२ व्या फ्रेटवरचे हार्मोनिक्स वाजवा, मग तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्या गाण्याची लाइन बोटाने आणि पिकने. नव्या तारा लावल्या की हेच परत. दोन आठवड्यांनी परत. तिसरं रेकॉर्डिंग सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवं स्टील पहिले काही दिवस नवरदेवासारखं चमकतं, नंतर जे उरतं तो तुमचा रोजचा आवाज. लग्नाच्या दिवशी माणूस पारखू नये तसं आहे हे.

आणि दोन्ही धातू नव्या सेटमध्येच तपासा. आधी त्याच धातूचा नवा सेट लावून बघा जो आत्ता बासवर आहे. कित्येकांचा प्रश्न तिथेच सुटतो, धातू बदलायची गरजच उरत नाही.

८. लावताना

एकेक तार बदला. चारही तारांचा मिळून नेकवर (मानेवर) सत्तर-ऐंशी किलोंचा ताण असतो, तो सगळा एकदम काढला तर नेक मोडत नाही पण हलते, आणि मग सेटिंग परत जुळवत बसा. फिंगरबोर्ड साफ करायचा असेल तरच सगळ्या काढा.

तार ब्रिजमधून घाला, वरच्या खुंटीच्या खांबापर्यंत ओढा, खांबाच्या पुढे चार-पाच इंच सोडा. आता आधी तिथे काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरची गुंडाळणी आतल्या कोअरवरून सुटू शकते आणि ती तार कायमची मेल्यासारखी वाजते. माझी पहिली ए तार अशीच गेली. फटीवाल्या खांबात टोक मधल्या भोकात खाली खुपसा, वेढे वरून खाली येऊ द्या, दोन-तीन पुरे.

ट्यून झाल्यावर नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) पुढे आणि सॅडलच्या पुढे तार बोटाने हलकेच खाली दाबा म्हणजे ती तिथून कमानीसारखी न जाता सरळ निघेल. दोन मिनिटांचं काम, आणि इंटोनेशनच्या (वरच्या फ्रेटवर स्वर बेसूर होण्याच्या) निम्म्या तक्रारी जातात. मग तार हळू ओढून ताणा, परत ट्यून, असं तीन-चारदा.

९. सेटिंग बघा

गेज तेच ठेवलं असेल तर फारसं काही हलणार नाही, तरी बघा. पहिला फ्रेट आणि शेवटच्या बाजूचा १७ वा फ्रेट दाबून धरा, ७ व्या-८ व्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास. जास्त फट असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही, मग ट्यून करून परत मोजा. फिरत नसेल तर जोर लावू नका, लुथियरकडे (गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.

तारेची उंची १७ व्या फ्रेटवर ई ला साधारण २.४ मिमी आणि जी ला (सगळ्यात बारीक तारेला) २ मिमी, हे फेंडरचं नेहमीचं माप. स्टीलचा खणका फार येत असेल तर किंचित वर घ्या. लोक इथे स्टीलला शिव्या देतात आणि खरी चूक उंचीची असते.

इंटोनेशन: १२ व्या फ्रेटचा हार्मोनिक आणि १२ वा फ्रेट दाबून येणारा स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला वर जात असेल तर सॅडल मागे, खाली असेल तर पुढे.

१०. नंतरची देखभाल, आणि काय करू नये

वाजवून झालं की प्रत्येक तार वरून-खालून पुसा, बास केसमध्ये, केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. बाकी काही लागत नाही.

खोबरेल लावू नका. हसू नका, आमच्याकडे कोयतीला गंज धरू नये म्हणून लावतात तसं एकाने बासला लावलं होतं. तेल वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतं, त्यावर धूळ, आणि तार आठ दिवसांत बहिरी. तारांवर मारायचे फवारेही नकोत.

तारा उकळायची जुनी युक्ती चालते. काढून गुंडाळी करा, दहा मिनिटं पाण्यात उकळा, लगेच कोरड्या पुसा आणि उन्हात पूर्ण वाळवा. फटीतला मळ निघतो, थोडे दिवस चमक परत येते. पण परत-परत काढण्या-लावण्याने तार जिथे वाकते तिथे तुटते आणि पावसाळ्यात वाळवणं नीट झालं नाही तर गंज ठरलेला. आणि घरच्या पातेल्यात करू नका, आईने मला पुढचा आठवडा त्याच पातेल्यातला चहा पाजला.

माझं आत्ता असं चालतं: जून ते दिवाळी स्टील, कारण ओल आणि गणपतीचे उघड्यावरचे प्रोग्राम, नंतर लग्नसराईत निकेल, कारण तेव्हा जुनी हळू गाणी जास्त आणि हॉलमध्ये तो खणका नको असतो. तारा लावल्याची तारीख मास्किंग टेपवर लिहून हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे चिकटवतो. काढलेल्या सेटमधल्या ए आणि डी पुसून एका झिप पिशवीत केसच्या खिशात ठेवतो. मागच्या वर्षी विसर्जनाच्या आदल्या रात्री तिसऱ्या गाण्यात माझी ए तुटली, निवेदकाने सात मिनिटं विनोद सांगितले आणि मी जुनी निकेलची ए लावली, बाकी तीन स्टील. कोणाच्या लक्षात आलं नाही, फक्त ढोलकीवाला नंतर म्हणाला, आज बास जरा बरा वाटला.